कुत्र्यांपाशी कोण राहील?

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे माझे गाव. समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून ते महाराष्ट्राला माहीत आहे. १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण येथे जन्मला आणि वयाच्या बाराव्या वर्षी बोहल्यावर 'सावधान' हा शब्द ऐकताच निघून गेला, ही कथा आमच्या गावातल्या पोराला बाराखडीच्या आधी ठाऊक होते. पुढे नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तप, मग बारा वर्षे भ्रमण आणि त्यानंतर आईच्या भेटीसाठी जांबेस येणे. वाट पाहून पाहून राणूबाईंची दृष्टी गेली होती आणि दारात भिक्षा मागणाऱ्या गोसाव्याच्या आवाजावरून त्यांनी आपला मुलगा ओळखला, असे परंपरा सांगते. या सगळ्या काळात आईपाशी राहिले ते थोरले बंधू गंगाधरपंत. संप्रदायात त्यांना 'श्रेष्ठ' म्हणतात. पण गावाच्या नावाला जोडले गेले ते गाव सोडून गेलेल्या धाकट्याचे बिरुद.

या कथेतला निघून जाणारा मुलगा मला लहानपणापासून परिचित होता. त्यातल्या मागे राहिलेल्या आईकडे माझे लक्ष गेले ते मात्र फार उशिरा, आणि तेही जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात, दोन कुत्र्यांमागे चालताना. त्याचीच ही हकीकत.

२०२२ च्या एप्रिलात माझ्या पत्नीला हायडेलबर्गच्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांसाठी संशोधनाचे काम मिळाले. मी महाविद्यालयातून बिनपगारी रजा घेतली. आमच्या घरी वाघ्या आणि काळी अशी दोन कुत्री होती, दोन्ही जांबची. आईच्या ओसरीशी येणाऱ्या एका गावठी कुत्रीची ती पिल्ले. सहा वर्षांपूर्वी आईनेच ती पिशवीत घालून आमच्या शहरातल्या सदनिकेत पाठवली होती. "दाराला सोबत होती," असे म्हणून.

त्यांना परदेशी न्यायचे तर काय काय लागते याची यादी वाचून मी प्रथम हसलो होतो. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे आधी कातडीखाली पंधरा आकडी मायक्रोचिप बसवावी लागते. मग रेबीजची लस. लस दिल्यावर किमान तीस दिवसांनी रक्त घेऊन ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे. त्यात प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून अधिक भरले पाहिजे. भरले तरी रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचे. शेवटी सरकारी पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र आणि आपल्याकडच्या प्राणी संगरोध विभागाचा निर्गमन दाखला. हिशेब केला तर चार महिन्यांच्या आत हे होत नाही. आम्ही २०२१ च्या दिवाळीआधीच सुरुवात केली होती.

त्या दिवाळीला जांबला गेलो असताना आई म्हणाली, "दोघायला ठेवून जा ना माझ्यापाशी. कशाला त्यांचे हाल?"

मी तिला समजावले. रस्त्यावरचे ट्रक, गावातली इतर कुत्री, लशींचे वेळापत्रक, तिचे वय, असे सगळे मुद्दे मी वर्गात शिकवावे तसे क्रमाने मांडले. तिने ऐकून घेतले आणि चुलीपुढे गेली. ती आम्हाला मदत देऊ करते आहे आणि ती नाकारणेच तिच्या दृष्टीने बरे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

०

हायडेलबर्गला पत्नी सकाळी साडेसातला घराबाहेर पडे. मग घरात मी आणि दोन कुत्री. मला जर्मन येत नव्हते, ओळखीचे कुणी नव्हते आणि काम तर नव्हतेच. वयाची चाळिशी उलटेपर्यंत ज्याने तासाच्या घंटेवर दिवस काढले, त्याला आता दिवस पाडून देत होती ती कुत्री. सकाळी सहा, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि रात्री दहा. पाऊस असो, बर्फ असो, चार वेळा खाली उतरायचेच.

आपल्या साहित्यात परदेश प्रामुख्याने आला तो प्रवासवर्णनांतून. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' असो की पु. ल. देशपांडे यांचे १९६० सालचे 'अपूर्वाई' असो, लेखक नव्या शहरात येतो, पाहतो, तुलना करतो, हसवतो आणि पुढच्या शहराकडे निघतो. एकच रस्ता दोनदा चालण्याची पाळी प्रवासवर्णनकारावर सहसा येत नाही. कुत्रा पाळणारा मात्र तोच रस्ता दिवसातून चार वेळा चालतो. मला हायडेलबर्गचा प्रसिद्ध किल्ला आजही धड वर्णन करता येणार नाही. पण आमच्या गल्लीतल्या कोणत्या झाडाची पाने आधी पिवळी पडतात, कोणत्या घरात पहाटे दिवा लागतो आणि कोणत्या म्हाताऱ्याची काठी गेल्या आठवड्यापासून बदलली आहे, हे मी सांगू शकतो. हे ज्ञान मी मिळवले म्हणणे खोटे ठरेल. वाघ्या थांबे तिथे मी थांबत होतो, एवढेच.

पहिल्या आठवड्यात नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन कुत्र्यांची नोंद केली. जर्मनीत कुत्र्यावर कर असतो; प्रशियात १८१० साली तो चैनीच्या वस्तूंवरील कर म्हणून बसवण्यात आला आणि आजही तो गावोगावच्या नगरपालिका वसूल करतात. बहुतेक शहरांत दुसऱ्या कुत्र्याला पहिल्यापेक्षा अधिक कर पडतो. कर भरला की बिल्ला मिळतो आणि तो गळ्यात बांधायचा. वाघ्या आणि काळी गळ्यात बिल्ले घालून बाहेर पडली तेव्हा माझ्या मनात आले की या शहरात रीतसर करदाते म्हणावेत असे आमच्यात सध्या तिघेच आहेत, पत्नी आणि ही दोघे. मी पत्नीच्या कागदपत्रांवर आलेला अवलंबित.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकावी लागली. कुत्र्याने केलेली घाण पिशवीत हात घालून उचलायची, गाठ मारायची आणि कचरापेटीत टाकायची. त्या सकाळी मी आजूबाजूला पाहिले. कुणी पाहत नव्हते. आणि पाहिले असते तरी त्यात पाहण्यासारखे तिथे कुणाला काही वाटले नसते. संकोच माझ्यापाशीच होता. घाण उचलण्याचे काम आपण शतकानुशतके ठरावीक माणसांच्या माथी मारले आणि वर त्यांचीच सावली टाळली. दलित आत्मकथने मी पंधरा वर्षे वर्गात शिकवली आहेत. त्यांच्याविषयी बोलताना माझा हात कधी खाली वाकला नव्हता, हे मला त्या पिशवीने सांगितले. पुढे सवय झाली. पण तो पहिला दिवस सवयीत बुडू नये असे मला वाटते.

कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानाच्या दाराला एक पाटी होती. तिच्यावर कुत्र्याचे चित्र आणि खाली एक वाक्य. जर्मनीत अशा पाट्या सर्रास दिसतात. शब्दकोश काढून मी ते वाक्य लावले : 'आम्हाला बाहेरच थांबावे लागते.' प्रथमपुरुषी अनेकवचन! कुत्र्यांना आत आणू नका, असे दुकानदार ग्राहकाला बजावत नाही. कुत्रीच आपली अडचण सांगतात. भाषेचा शिक्षक म्हणून मला त्या रचनेची गंमत वाटली. मग मी दोघांना बाहेरच्या कडीला बांधून आत गेलो. रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा पाठ केलेले वाक्य विसरलो, बोटाने पाव दाखवला आणि सुटे पैसे हातावर धरले; बाईंनी त्यातले हवे तेवढे मोजून घेतले. बाहेर येऊन पुन्हा पाटी वाचली तेव्हा त्या 'आम्हाला'मध्ये एकाची भर पडली होती.

०

हळूहळू लोक ओळखू लागले. मला कुणी ओळखत नव्हते. वाघ्याला आणि काळीला ओळखत होते. "यांची जात कोणती?" हा पहिला प्रश्न. या प्रश्नाने दचकणारा त्या शहरात मी एकटाच असेन. गावठी या शब्दाला जर्मन प्रतिशब्द सापडेना. "हिंदुस्थानातील रस्त्यावरची" असे मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगितले की समोरच्याचे डोळे भरून येत. तिथे रुमानिया, ग्रीस, स्पेन अशा देशांतून बेवारस कुत्री आणून पाळणारे पुष्कळ आहेत. "म्हणजे तुम्ही यांना वाचवले!" असे ते म्हणत आणि माझा हात दाबत. मला काय उत्तर द्यावे कळत नसे. जांबच्या ओसरीवर शेवटची भाकरी कुत्र्याची, हे ठरलेलेच असे. कुत्री कुणाचीच नव्हती. पण बेवारसही नव्हती. तिला मालक नव्हता, एवढेच. वेळेला भाकर टाकणारी दारे चार होती. मालकी आणि अनाथपण यांच्या मधली ही जागा कोणत्याही अर्जातल्या चौकटीत बसत नाही. नगरपालिकेच्या अर्जात तर नाहीच.

आपल्या परंपरेत कुत्रा पुष्कळदा भेटतो, पण मालकासोबत क्वचित. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. त्यांना आपण वेद म्हणतो. महाप्रस्थानाच्या वाटेवर सारे गळून पडल्यावर युधिष्ठिरामागे एक कुत्रा उरतो आणि तो धर्म निघतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावतात. खंडोबाचे वाघ्ये स्वतःलाच देवाचे कुत्रे म्हणवतात आणि कोटंब्यात भिक्षा घेतात. या सगळ्या कथांत कुत्रा घर सोडलेल्याचा किंवा दारोदार हिंडणाऱ्याचा सोबती आहे. पुढे आपल्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात तो शिरला तेव्हा मात्र तो विनोदाचा विषय झाला. 'हसवणूक'मधला 'पाळीव प्राणी' हा लेख आठवावा. दोन्ही ठिकाणी कुत्रा कशाचे तरी रूपक आहे. त्याला दिवसातून चार वेळा खाली न्यावे लागते, ही गोष्ट दोन्हीकडे गैरहजर आहे.

वाघ्ये आठवले याला आणखी एक कारण होते. ज्या हायडेलबर्गमध्ये मी वाघ्या नावाचे कुत्रे फिरवीत होतो, तिथल्याच विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर शिकवीत. १९९२ साली त्यांचे निधन झाले. धनगरांच्या वाड्यांवर राहून, जेजुरीच्या वाघ्यामुरळींबरोबर हिंडून या माणसाने बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर जो ग्रंथ लिहिला, तो जर्मनमध्ये १९७६ साली आणि इंग्रजीत १९८९ साली आला. आपल्या लोकदैवतांचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्याच्याकडे वळावे लागते. एका दुपारी मी नेकार नदीपलीकडच्या 'तत्त्वज्ञांच्या वाटे'वर दोघांना घेऊन चढत होतो. खाली जुने शहर, समोर किल्ला. सोन्थायमर आमच्याकडे आले तेव्हा त्यांना दाराशी कुणी उभे केले असेल, कोणत्या धनगराच्या कुत्र्याने त्यांच्यावर पहिल्यांदा भुंकले असेल, असा विचार मनात आला. त्यांच्या हाती प्रश्नांची वही होती. माझ्या हाती दोन साखळ्या होत्या.

पण साखळी हेही साधन आहे, हे कळत गेले. दासबोधात समर्थांनी भिक्षेचे माहात्म्य सांगितले आहे ते केवळ पोटासाठी नव्हे. भिक्षेच्या निमित्ताने घरोघर जाता येते, लहानथोरांची पारख करता येते, असा त्यांचा रोख आहे. परक्या गावात दारापर्यंत जायला काही निमित्त लागते. मला ते निमित्त कुत्र्यांनी दिले. त्यांच्यामुळेच शेजारच्या इमारतीतल्या आजींची ओळख झाली. वय ऐंशीच्या पुढे, सोबत आखूड पायांचा एक म्हातारा कुत्रा. आम्ही रोज संध्याकाळी पाचला बरोबर चालू लागलो. त्या सावकाश बोलत. मी दहातले चार शब्द समजे. त्यांचा मुलगा हॅम्बर्गला असे आणि दर रविवारी फोन करी. "मीही आईला दर रविवारी फोन करतो," असे मी अभिमानाने सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सारखा केला.

कुत्र्यांशी मी मराठीत बोलत असे, हे सांगायला नकोच. पण कोणत्या मराठीत, हे माझे मलाच उशिरा कळले. शहरात शिकायला आल्यावर मी माझी घनसावंगीकडची बोली गाठोड्यात बांधून ठेवली होती. वर्गात, सभेत, अगदी घरातही मी प्रमाण मराठी बोलत आलो. प्रमाण मराठीत कुत्र्याला हाक मारता येत नाही. नेकारच्या काठावर मी मोठ्याने ओरडत होतो, "ए वाघ्या, कामून थांबलास रे? काय हुंगायलास? चल की आता!" आजूबाजूला समजणारे कुणी नसल्याने मला लाज वाटत नव्हती. तीस वर्षांनी माझ्या तोंडात माझ्या आईची भाषा परत आली होती. ती आईशी बोलताना यायला हवी होती. रविवारच्या फोनवर मी अजूनही 'बरी आहेस ना?' असेच विचारीत होतो.

०

२०२२ च्या ऑगस्टमध्ये एके दिवशी, रविवार नसताना, आईचा फोन आला. मी दुपारच्या फेरीवर होतो. "देव गेले," एवढेच ती म्हणाली. समर्थांच्या देवघरातल्या, ज्यांची पूजा त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या झाली, त्या पंचधातूच्या मूर्ती रात्रीतून चोरीस गेल्या होत्या. गावात चूल पेटली नाही, असे तिने सांगितले. मी 'पोलीस शोधतील' वगैरे बोललो. मग तिने विचारले, "तू कुठं हायस?" मी म्हणालो, "कुत्र्यांना घेऊन बाहेर आलोय." ती म्हणाली, "मग फिरव त्यायला." ऑक्टोबरात चोर सापडले, मूर्ती मिळाल्याची बातमी आली तेव्हाही तिचाच फोन आला. देव परत येतात, असे काहीतरी ती बोलली. त्यात माझ्यासाठी काही होते का, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

त्याच हिवाळ्यात मी जर्मनच्या वर्गाला जाऊ लागलो. सरावासाठी आम्हाला रोजच्या वापरातले कायदे आणि सूचना वाचायला देत. मला कुत्री आहेत हे शिक्षिकेला माहीत होते, म्हणून तिने मला १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेला कुत्र्यांविषयीचा सुधारित नियम दिला. २०२० साली त्याचा मसुदा आला तेव्हा दिवसातून दोनदा मिळून किमान एक तास कुत्र्याला बाहेर नेलेच पाहिजे, असा प्रस्ताव होता आणि त्यावर तिथे बरीच चर्चा व थट्टाही झाली होती. अंतिम नियमात तासाचा आकडा राहिला नाही. कुत्र्याला पुरेसे मोकळे फिरू द्यावे, आणि त्याला दिवसातून अनेक वेळा, पुरेसा वेळ, सांभाळणाऱ्या माणसाचा सहवास द्यावा, असे शब्द राहिले.

त्या वाक्याचे मी वहीत मराठी भाषांतर केले. 'सहवास' या शब्दापाशी जरा थांबलो. मूळ शब्दात वावर, व्यवहार, संगत असे सगळे होते. शेवटी सहवासच ठेवला आणि भाषांतर साधल्याच्या आनंदात रविवारी ते आईला वाचून दाखवले. आम्ही दोघे अशा गोष्टींवर हसत असू. बघ, या देशात कुत्र्याला दिवसातून अनेक वेळा माणसाची सोबत मिळाली पाहिजे असा कायदा आहे, असे मी म्हणालो.

ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "बरा कायदा हाय बाबा."

फोन ठेवल्यावर मी वही पुन्हा उघडली. दिवसातून अनेक वेळा. पुरेसा वेळ. सांभाळणाऱ्या माणसाचा. मग दिवाळीतली ओसरी आठवली. 'दोघायला ठेवून जा ना माझ्यापाशी.' ती मदत देऊ करत नव्हती. ती मागत होती. आयुष्यात तिने माझ्याकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही. बहुधा म्हणूनच तिच्या मागण्याचा आवाज मला ओळखू आला नाही. राणूबाईंनी चोवीस वर्षांनंतर आवाजावरून मुलाला ओळखले. मी माझ्या आईच्या समोर बसून तिचा आवाज ओळखला नव्हता, आणि मी भाषेचा अध्यापक आहे.

२०२३ च्या डिसेंबरात तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. मी येतो म्हणालो. खरेच येणार होतो. पण पत्नीला त्याच आठवड्यात कामासाठी दुसऱ्या देशात जायचे होते, आणि काळीचे मूत्रपिंड बिघडल्याने तिला दिवसाआड पशुवैद्यकाकडे न्यावे लागत होते. मी आईला अडचण सांगू लागलो तेव्हा वाक्य तिनेच पुरे केले. "तू नको येऊ. कुत्र्यांपाशी कोन ऱ्हाईल?"

त्यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. तिच्या लेखी तो खरा प्रश्न होता. मुके जनावर आजारी असताना घर सोडून जाऊ नये, हे तिच्याकडूनच तर मी शिकलो. पण टोमणा असता तर मला उत्तर देता आले असते. जालन्याला तिला चुलतभावाची बायको घेऊन गेली. डोळ्यावरची पट्टी काढल्यावर तिने मला फोनवर सांगितले की भिंतीवरच्या घड्याळातला काटा दिसतो आहे. त्या वेळी हायडेलबर्गला बाहेर काळोख होता. डिसेंबरात तिथे साडेचारलाच अंधारते. मी काळीला मांडीवर घेऊन बसलो होतो.

काळी फेब्रुवारीत गेली. पशुवैद्यकाने सुई दिली. या गोष्टीला जर्मनमध्येही 'झोपवणे' म्हणतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला पुरायला स्वतःची जमीन नसते, म्हणून प्राण्यांच्या दहनगृहातून तिची रक्षा एका लहानशा डबीत मिळाली. शेजारच्या आजी मेणबत्ती घेऊन आल्या. काही बोलल्या नाहीत. पुढचे आठवडाभर त्या रोज पाचला आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, वाघ्याला आणि मला बाहेर काढण्यासाठी.

०

गौरी देशपांडे यांच्या नायिका देशोदेशी संसार करतात, हे आपण वाचलेले आहे. आणि स्वतः त्यांनी परदेशांतल्या वास्तव्यानंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत घर केले, हेही 'विंचुर्णीचे धडे'मुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. ते पुस्तक मी अनेकदा शिकवले. दूर जाण्याच्या अनुभवापेक्षा परत येऊन एका जागी, झाडाजनावरांत, रोजची कामे करीत राहण्याचा अनुभव लिहायला अवघड असतो, असे माझे मत होते. ते शिकवताना मी परत येण्याला एक प्रकारची पूर्तता समजत होतो. आता तसे वाटत नाही. परत आल्यावर मधला काळ भरून निघत नाही. तो तिथेच असतो, आपण फक्त त्याच्या शेजारी येऊन राहतो.

आम्ही २०२४ च्या जुलैत परतलो. जांबला पोहोचलो तेव्हा आई ओसरीवर उभी होती. तिने नव्या भिंगांच्या डोळ्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "केस पिकले की रे तुझे!" गावाच्या कथेतल्या आईची दृष्टी मुलगा आल्यावर परतली. माझ्या आईची मी नसतानाच परतली होती, आणि त्या दृष्टीने तिला पहिल्यांदा माझे वय दिसले. काळीची डबी तिने हातात घेतली, वजन पाहिले. गोदावरीत सोडू का, असे मी विचारले. "नको. दारात पुर," ती म्हणाली. लिंबाखाली आम्ही ती पुरली. त्याच लिंबाखाली काळीची आई झोपायची.

निघण्याच्या आदल्या रात्री मी विचारले, "वाघ्याला ठेवू का तुझ्यापाशी?"

"आता इचारायलास व्हय?" ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "ठेव."

वाघ्या रुळेल असे मला वाटले नव्हते, आणि पहिले काही दिवस तो रुळला नाहीच. गावातली कुत्री त्याच्यावर धावून येत. दार सताड उघडे असूनही तो उंबऱ्याशी उभा राही. मोकळे बाहेर जायचे असते, हे तो विसरला होता. कुणीतरी साखळी लावून नेईल याची तो वाट पाहत होता. आईने दोनतीन दिवस हे पाहिले. मग तिने दाव्याचा एक तुकडा काढला, त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला बांधला आणि सकाळी सहाला त्याला घेऊन बाहेर पडली. पट्ट्याला हायडेलबर्ग नगरपालिकेचा बिल्ला अजून होता. वाघ्या सवयीप्रमाणे दुपारी एकला पुन्हा उंबऱ्याशी उभा राहिला, पाचला राहिला, रात्री दहाला राहिला. ती प्रत्येक वेळी उठली.

गावाने सुरुवातीला हसून घेतले. "काकू, तुम्ही कुत्रं फिरवायलात का कुत्रं तुम्हाला फिरवायलंय?" असे पारावरून कुणीतरी विचारी. ती थांबे, उत्तर देई, मग त्याच्या घरची विचारपूस करी. गेल्या काही वर्षांत ती देवळापलीकडे फारशी जात नव्हती, हे मला तिच्या शेजाऱ्यांनी नंतर सांगितले. डोळ्यांना दिसत नव्हते, आणि जायला निमित्तही नव्हते.

आता मी दर शनिवारी जांबला जातो. एरवी संध्याकाळी पाचनंतर फोन करतो तेव्हा तो पुष्कळदा वाजत राहतो. ती बाहेर असते.